सव्वा मिलिमीटरचा खड्डा

प्राचार्यांनी स्वागताच्या भाषणात "कठीण असेल तेच निवडा" असं सांगितलं, तेव्हा सभागृहातल्या चारशे नव्या विद्यार्थ्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या आणि बाहेर जाऊन सोपं असेल ते निवडलं. त्यांचं काही चुकलं नाही. भाषण ऐकायचं असतं, पाळायचं नसतं, एवढं अठराव्या वर्षी कुणालाही कळतं. काकूंना ते त्रेपन्नाव्या वर्षीही कळलेलं नव्हतं.

काकू म्हणजे विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला, खिडकीजवळच्या बाकावर बसणारी विद्यार्थिनी. मुलगी लग्न होऊन गेली, घरात करायला फारसं उरलं नाही, आणि बारावीनंतर जे राहून गेलं होतं ते पुरं करावं म्हणून त्यांनी नाव घातलं. वर्गातल्या मुलांनी पहिल्याच दिवशी काकू म्हणायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात शिक्षकही तेच म्हणू लागले. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण ते वाचलं की काकूच इकडेतिकडे बघायच्या, कोण बरं ही म्हणून.

तर प्रकल्पांची यादी. प्रत्येकाने पहिल्या सत्रात एक प्रकल्प करायचा, त्याला गुण होते आणि त्यात नापास तो वर्षात नापास. यादीत अकरा प्रकल्प होते. लंबकाची वेळ मोजा, मिठाचे खडे वाढवा, असे दहा. अकरावा होता, "दुर्बिणीचा आरसा हाताने घासून तयार करणे". त्याच्यापुढे कुणीतरी पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, "सात वर्षांत कुणी घेतलेला नाही". काकूंनी ते वाचलं आणि सवयीने खिडकीबाहेर पाहिलं. सकाळचे दहा वाजले होते आणि आभाळात चंद्र होता. दिवसाउजेडी, पुसट, कुणाचं लक्ष नाही असा. आपल्यासारखाच हाही चुकीच्या वेळी आलाय, असं काकूंच्या मनात आलं आणि त्यांनी अकराव्या ओळीवर सही करून टाकली.

आता काकूंच्या या बघत राहण्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काकूंचं मन घरात फार वेळ राहत नसे. दूध गॅसवर ठेवलं आणि बाहेर एखादा ढग दिसला की मन ढगाबरोबर जायचं आणि दूध आपल्या वाटेने. अख्ख्या बिल्डिंगला करपलेल्या दुधाचा वास ओळखीचा होता. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य खिडकीतून नाक बाहेर काढून म्हणायचे, "काकू विचारात आहेत वाटतं." यात दुष्टपणा नव्हता, पण तीस वर्षं तेच ऐकलं की माणसाला स्वतःविषयी एक मत होतं, आणि काकूंचंही झालं होतं.

अर्ज घेऊन त्या कॉलेजच्या ऑफिसात गेल्या. कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला.

"पालकाची सही राहिलीय."

"माझे आईवडील आता नाहीत."

"मग दुसरं कोणी. पालकाशिवाय अर्ज घेता येत नाही."

"अहो, मीच पालक आहे. माझी मुलगी तुमच्याएवढी आहे."

कारकून विचारात पडला. "मुलीची सही चालते का ते वर विचारावं लागेल," तो म्हणाला. वरून उत्तर यायला पंधरा दिवस लागतील, असंही म्हणाला.

काकू अर्ज घेऊन घरी आल्या आणि यजमानांपुढे ठेवला. यजमान वजनमापे निरीक्षक होते. चौतीस वर्षांची नोकरी, दोन वर्षांपूर्वी निवृत्त. त्यांना लांबून येताना पाहून दुकानदारांचे तराजू आपोआप सरळ व्हायचे म्हणतात. निवृत्तीनंतर तपासायला घरच उरलं होतं. बिस्किटाच्या पुड्यावर लिहिलेलं वजन ते अजून स्वतःच्या काट्यावर बघून मगच पुडा फोडायचे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"विद्यार्थिनीच्या वर्तनाला पालक जबाबदार राहील, असं छापलंय इथे," ते म्हणाले. "हे जरा जास्तच होतंय."

"करा हो सही."

"करतो. पण हे तुझ्याने व्हायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. यात लक्ष लागतं." आणि त्यांनी पालक या शब्दापुढे ठसठशीत सही केली, तारीख घातली आणि शिक्का नाही म्हणून हळहळले.

भौतिकशास्त्राच्या मॅडम काकूंच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी काकूंना कपाटातून दोन जाड गोल काचा काढून दिल्या, बशीएवढ्या. एका काचेच्या पाठीवर लाल रंगाचा ठिपका होता. "साधी काच खाली बसवायची," मॅडम म्हणाल्या, "मध्ये ही खरखरीत पूड आणि पाणी. वरून ठिपक्याची काच ठेवून पुढेमागे घासायची. थोडी फिरवायची, स्वतः एक पाऊल बाजूला सरकायचं, परत घासायची. असं गोल गोल. ठिपक्याच्या काचेला मधोमध सव्वा मिलिमीटर खड्डा पडला की निम्मं काम झालं. आणि ठिपका नेहमी वर. हे तेवढं विसरू नका." काकू एरवी काय वाटेल ते विसरल्या असत्या, पण हे विसरल्या नाहीत, हे इथेच नोंदवून ठेवलेलं बरं.

गॅलरीतल्या पाण्याच्या पिंपात वाळू भरली गेली, वर फळी आली, फळीवर काच बसली आणि काकूंची पिंपाभोवती प्रदक्षिणा सुरू झाली. खर्र, खर्र, एक पाऊल. खर्र, खर्र, एक पाऊल. दंतवैद्य बघायला आले. "सव्वा मिलिमीटर?" ते म्हणाले. "लोक गोळ्या चघळून दाढेत याच्यापेक्षा मोठा खड्डा पाडतात, आणि तेही झोपेत." त्यांनी आपलं दात कोरायचं मशीन देऊ केलं. बिल्डिंगचे सेक्रेटरी आले. त्यांनी नियमांचं पुस्तक आणलं होतं. दुर्बिणीला त्यात कलम नव्हतं, तेव्हा त्यांनी हे प्रकरण घरगुती पीठगिरणीखाली घातलं आणि सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळी पाच ते सहा एवढीच परवानगी दिली. "दुपारी नाही," ते म्हणाले. "दुपारी लोक झोपतात." सेक्रेटरी स्वतः दुपारी झोपत, म्हणजे लोक झोपतातच.

कॉलेजातून यायला सहा वाजून जायचे, म्हणून काकूंना सकाळचा तासच मिळायचा, पण तो त्यांना फार आवडायचा. सकाळी गॅलरीत अजून गारवा असायचा. काचेखालचा आवाज हळूहळू मऊ होत जायचा, पूड झिजून पिठासारखी व्हायची, आणि काकूंचे पाय पिंपाभोवती चालत असताना काकू स्वतः चंद्रावर पोचलेल्या असायच्या. तिथे त्या स्लिपर घालून फिरायच्या. प्रत्येक पावलाला जरा उंच जायच्या, सावकाश खाली यायच्या. दोरी बांधून कपडे वाळत घालायच्या आणि वारा नाही म्हणून ते हलायचे नाहीत. कुठेच काही उतू जात नसे. मग खालून दूधवाल्याची घंटा वाजायची आणि काकू खाली उतरायच्या. हात मात्र आपलं काम बरोबर करत असायचे.

पहिल्या रविवारी निरीक्षकांनी स्टीलची पट्टी काचेवर आडवी ठेवली आणि फटीत पातळ पत्र्या सरकवून माप घेतलं. "पाव मिलिमीटर," ते म्हणाले, आणि नाइलाजाने म्हणाले, "बरोबर आहे." काकूंनी मुलीला फोन केला, दंतवैद्यांना पेढ्यांऐवजी बिस्किटं दिली, त्या दिवशी दूधसुद्धा उतू गेलं नाही.

दुसऱ्या रविवारी माप घेतलं तर पाव मिलिमीटरचं निम्मं. तिसऱ्या रविवारी शून्य. पट्टी काचेवर सपाट बसली, मधून कागदसुद्धा जाईना.

"एवढं घासूनसुद्धा?" निरीक्षक म्हणाले, आणि इतक्या दुःखाने म्हणाले की काकूंना वाटलं, बिचाऱ्यांना आपल्यासाठी वाईट वाटतंय.

मग मात्र त्यांचा पारा चढला. दंतवैद्य तिथेच बसले होते, त्यांच्यादेखत ते म्हणाले, "तुझं लक्ष नसतं. हात इथे आणि डोकं भलतीकडे. काचेचं काम आहे हे, ढगाचं नव्हे. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "परीक्षेपर्यंत हा खड्डा पडला नाही ना," त्या म्हणाल्या, "तर कॉलेज सोडून देईन. दुधासमोर उभी राहीन आणि जन्मभर हलणार नाही. झालं?"

दंतवैद्य साक्षीला असल्यामुळे हे बोलणं आता मागे घेता येण्यासारखं नव्हतं. सेक्रेटरींपर्यंत ते संध्याकाळच्या आत पोचलं.

त्यानंतर काकूंनी चंद्रावर जाणं बंद केलं. त्या मोठ्याने पावलं मोजत घासू लागल्या. एक, दोन, तीन, पंचवीस, पुन्हा एक. मान वर केली नाही. ढग आले, गेले. हाताला भेगा पडल्या, त्यांना मलम लावून त्या घासत राहिल्या. आणि काच काही खोल होईना. वर्गात मुलं आपापले मिठाचे खडे एकमेकांना दाखवत होती, काकू हात मांडीवर झाकून बसत होत्या. कॉलेज सुटलं तर वाईट वाटलं असतंच. पण खरी भीती वेगळी होती. तीस वर्षं सगळे जे म्हणत आले, ते खरंच असेल तर? इतकं जीव ओतून लक्ष दिलं तरी आपल्या हातून काही धड होतच नसेल तर? ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही, मुलीलाही नाही.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तशी सेक्रेटरींची नोटीस आली. "दुपारी एक ते तीन या वेळात आपल्या गॅलरीतून घर्षणाचा आवाज येतो. हे नियमबाह्य आहे."

"दुपारी मी कॉलेजात असते," काकू म्हणाल्या.

निरीक्षकांनी नोटीस चष्मा लावून वाचली. "पाइपचा आवाज असेल," ते म्हणाले. "मी उत्तर लिहितो." हल्ली त्यांचा उजवा खांदा दुखत होता आणि ते रोज रात्री त्याला तेल लावून घ्यायचे. मिशीत काहीतरी करडं दिसायचं. काकूंना वाटायचं, यांचंही वय झालं. आणखी खोलात जायला त्यांना सवड नव्हती, त्यांचं लक्ष काचेकडे होतं. माणसाने लक्ष द्यायचं ठरवलं की असं होतं.

सहाव्या आठवड्यात काकू काच घेऊन मॅडमकडे गेल्या. मॅडमनी पट्टी आडवी ठेवली. पट्टी लहान मुलांच्या झोपाळ्यासारखी डुलली, आधी डावीकडे, मग उजवीकडे.

"काकू," मॅडम म्हणाल्या, "ही फुगलीय."

"फुगलीय?"

"मधे खड्डा हवा, तर मधे उंचवटा आलाय. असं मी कधी पाहिलं नाही. घासण्यात लक्ष असतं ना तुमचं? वर्गातही तुम्ही खिडकीबाहेर..." मॅडम थांबल्या. त्यांना ते बोलताना बरं वाटत नव्हतं. "परीक्षेला दीड महिनाच आहे. असमाधानकारक प्रगती असली की नियमाप्रमाणे मला पालकांना बोलवावं लागतं. मी काय करू, अर्जावर सही आहे."

त्रेपन्नाव्या वर्षी काकूंनी घरी येऊन मान खाली घालून सांगितलं, "उद्या तुम्हाला कॉलेजात बोलावलंय."

निरीक्षक इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून आले. मॅडमच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर पालक बसले, एकीवर विद्यार्थिनी. भिंतीपलीकडे कारकून कान लावून होता, हे सगळ्यांना माहीत होतं. मॅडमनी काच टेबलावर ठेवली, पट्टी डुलवून दाखवली आणि म्हणाल्या, "घरी यांचं लक्ष कसं असतं?"

"तेच तर मी पहिल्यापासून सांगतोय," निरीक्षक म्हणाले. "पण हे व्हायला नको होतं. घासण्यात कमी पडलेलं नाही, एवढं मी खात्रीने सांगतो."

"कमी पडलं असतं तर सपाट राहिली असती. ही उलट्या बाजूला गेलीय." मॅडमनी टेबलावरच्या दोन बशा घेतल्या आणि एकीवर एक ठेवली. "दोन काचा एकमेकींवर घासल्या की वरची मधे खोल होते आणि खालची मधे फुगते. नेहमी. म्हणून ठिपका वर."

निरीक्षकांनी वरची बशी उचलून खाली ठेवली आणि खालची वर.

"आणि समजा," ते म्हणाले, "ठिपक्याची खाली ठेवली तर?"

"तर केलेलं सगळं पुसलं जाईल. आणि जास्त घासली तर अशीच फुगेल."

काकू नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघत होत्या. पण शेजारची खुर्ची करकरली म्हणून त्यांनी मान वळवली, तर यजमानांचे कान लाल झालेले. लग्नाला तीस वर्षं झाली होती, त्यात हे कान त्यांनी एकदाच पाहिले होते, लग्नाच्या दिवशी.

"आमच्या खात्यात," निरीक्षक हळू आवाजात म्हणाले, "तपासायची वस्तू खाली असते. अधिकृत असेल ते वर. चौतीस वर्षं मी तसंच केलं."

"म्हणजे?" मॅडम म्हणाल्या.

"दुपारी," निरीक्षक म्हणाले. "एक ते तीन."

काकूंच्या डोक्यात एकेक गोष्ट येऊन बसू लागली. खांद्याचं तेल. मिशीतली करडी पूड. पाइपचा आवाज. रोज सकाळी त्या एक तास खड्डा पाडत होत्या आणि रोज दुपारी जगातला सगळ्यात काटेकोर माणूस दोन तास तो बुजवत होता, आणि पुन्हा काचा पुसून, ठिपका वर करून, होत्या तशा ठेवत होता. त्यांना हसू आलं आणि रडूही आलं, आणि त्या दोन्ही दाबून तशाच बसून राहिल्या.

"मला एक कोरा कागद मिळेल का?" निरीक्षकांनी विचारलं. या माणसाने आयुष्यात कधी चूक कबूल केलेली नव्हती, बोलून तर नाहीच. ती त्यांना बोलता येईना, म्हणून त्यांनी लिहून काढली. "मा. प्राचार्य यांस. विषय, काच फुगल्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, सदर विद्यार्थिनीने काच योग्य पद्धतीने व पूर्ण लक्ष देऊन घासली आहे. तिचे काम पालकाने तिच्या अनुपस्थितीत, विनापरवानगी व सूचना न वाचता बिघडवले. विद्यार्थिनीचे लक्ष होते. पालकाचे नव्हते. तरी मुदत वाढवून मिळावी, ही विनंती." खाली सही, तारीख. शिक्का नाही म्हणून या वेळी ते हळहळले नाहीत.

मॅडम दोघांना घेऊन प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्यांनी अर्ज वाचला. "पण हा अकरावा प्रकल्प तुम्ही घेतलाच कशाला?" त्यांनी काकूंना विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, कठीण असेल तेच निवडा."

"असं मी म्हणालो होतो?" प्राचार्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान डोलावली. प्राचार्य जरा ओशाळले आणि त्यांनी एक महिना जास्तीचा दिला. अर्जावर त्यांनी शिक्का मारला, तो निरीक्षक डोळे भरून बघत होते.

बसथांब्यापर्यंत काकू दोन पावलं पुढे चालत होत्या. राग यायला हवा होता आणि तो आलाही होता. चार आठवडे त्यांनी स्वतःला बोल लावला होता, ते काही अर्जाने भरून निघत नाही. थांब्यावर बाक रिकामं होतं, तिथे बसल्यावर त्या म्हणाल्या, "का पण?"

"तुझे हात बघवत नव्हते," निरीक्षक रस्त्याकडे बघत म्हणाले. "आणि दुपारी घरात करमत नाही. तू नसतेस."

"मग सांगायचं होतं."

"व्हायचं नाही असं म्हणून बसलो होतो मी. मग मदत करतो असं कोणत्या तोंडाने सांगायचं?" आणि मग म्हणाले, "मनातून मला ते व्हायला हवं होतं."

बस आली आणि गेली, दोघं उठले नाहीत. समोरच्या छपरांवर दुपारचा चंद्र आला होता, पातळ. काकूंनी तो निरीक्षकांना बोटाने दाखवला. त्यांनी तो दिवसा कधी पाहिलेला नव्हता, हे त्यांनी मान्य केलं. एका दिवसात त्यांनी मान्य केलेली ही दुसरी गोष्ट.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी काकू, संध्याकाळी निरीक्षक. ठिपक्याशेजारी त्यांनी लाल रंगात मोठ्या अक्षरात "वर" असं लिहिलं आणि खाली बाण काढला. सेक्रेटरींना त्यांनी पाइपबाबत खुलासा पाठवला. काकू पुन्हा पिंपाभोवती चालता चालता चंद्रावर जाऊ लागल्या, स्लिपर घालून, मान वर करून, आणि पावलं मोजायचं त्यांनी सोडून दिलं. महिन्याभरात सव्वा मिलिमीटर भरला. मग बारीक पूड, मग त्याहून बारीक, मग डांबरासारख्या चिकट लेपावर दिवसच्या दिवस चकाकी आणणं. नळाचं काम करणाऱ्याने एक रुंद प्लास्टिकचा पाइप कापून दिला, बाकीची भिंगं कॉलेजने दिली. काचेवर चांदीसारखा थर चढायचा अजून बाकी होता. "पण चंद्राला एवढंही पुरतं," मॅडम म्हणाल्या.

म्हणून एका संध्याकाळी, दिवेलागणीला, गॅलरीत सगळे जमले. मॅडम, दंतवैद्य, नियमांचं पुस्तक घेऊन सेक्रेटरी. आभाळ अजून निळसर होतं आणि पश्चिमेला चार-पाच दिवसांचा चंद्र होता. काकूंनी आत जाऊन चहासाठी दूध गॅसवर ठेवलं. "तेवढं बघा हो," त्या निरीक्षकांना म्हणाल्या. आज तरी दुधाशी त्यांचा संबंध नव्हता.

काकूंनी पाइपाच्या भिंगाला डोळा लावला. आधी नुसता उजेड हलला. मग तो थांबला आणि त्यात खड्डे दिसू लागले. लहान, मोठे, एकात एक, काठांवर ऊन आणि आत सावली. जिथे त्या इतके दिवस फिरून येत होत्या ती जागा अगदी तशीच होती, फक्त त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त शांत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि चंद्र धूसर झाला, तेव्हा त्या बाजूला झाल्या.

"बघू एक मिनिट," निरीक्षक म्हणाले. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, तिथून दोन पावलं पुढे आले आणि वाकले. एक मिनिट झालं. मग आणखी एक. दंतवैद्य खाकरले. सेक्रेटरींनी वेळेच्या नियमाचं पान काढलं. निरीक्षक तसेच वाकलेले, खांदा दुखत असेल तरी त्यांना कळत नव्हतं.

मग तो वास आला. अख्ख्या बिल्डिंगला ओळखीचा.

"काकू, दूध," दंतवैद्य म्हणाले.

काकू हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. "माझ्याकडे नव्हतं ते," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी निरीक्षकांकडे पाहिलं. त्यांनी भिंगावरचा डोळा काढला नाही. "जाऊ दे उतू," ते म्हणाले. काकू आत गेल्या आणि त्यांनी गॅस बंद केला, पण घाई केली नाही.